खिडकीएवढं धुराडं

शिडी हे नाव तिला शाळेत पडलं आणि कायमचं चिकटलं. वर्गात कुणाचा चेंडू कपाटावर गेला की हाक तिलाच यायची. पुढे घरच्यांनीही ते नाव उचललं. कुणी तिचं खरं नाव विचारलं, तर बाबांना क्षणभर आठवावं लागायचं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. वाकड्या काड्या सरळ करायच्या, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट नेऊन "इथे टोचतंय का?" असं विचारायचं, हा तिचा दिवस. काम तिच्या आवडीचं होतं. नवा चष्मा लावून माणूस पहिल्यांदा दाराबाहेर बघतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते तिला रोज फुकटात बघायला मिळायचं.

संध्याकाळी मात्र ती दुसरीच कुणीतरी असायची. शहरातला जुना पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी रिकामा केला होता, आणि दुरुस्तीला काही मुहूर्त सापडत नव्हता. त्या कोरड्या तलावात, निळ्या फरश्यांवर, त्यांच्या पथनाट्याची तालीम चाले. खोल टोकाला कुणी कुजबुजलं तरी उथळ टोकाला स्पष्ट ऐकू यायचं. मावळतीचं ऊन तिरपं आत उतरलं की सगळ्यांचे चेहरे निळसर दिसायचे. पाणी अजून डोक्यावर तसंच भरलेलं आहे आणि आपण त्याच्या तळाशी उभं राहून एकमेकांशी बोलतोय, असं शिडीला वाटायचं. घरी परतताना ती नकळत केस चाचपून बघायची, ओले तर झाले नाहीत ना म्हणून.

मंडळी फार नव्हती. नाटक बसवायची ती दातांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. दिवसभर ती लोकांना तोंड उघडं ठेवा आणि गप्प बसा म्हणून सांगायची, आणि संध्याकाळी त्याचा सूड उगवल्यासारखी तोंड उघडा आणि बोला म्हणून ओरडायची, असं ढोल वाजवणारा पोस्टमन म्हणे. पोस्टमनचा एक खांदा पिशवीने खाली आला होता, त्यामुळे ढोलाचा पट्टा त्याच्या अंगावर मापाने शिवल्यासारखा बसायचा. बाकी दोघंतिघं कॉलेजातली होती. शिडीच्या वाट्याला उंच लाकडी काठ्या आल्या होत्या. गुडघ्याखाली पट्ट्यांनी घट्ट बांधायच्या आणि त्यांवर चालायचं. मंडळी त्यांना 'लांब पाय' म्हणत. हे लांब पाय चढवले की शिडीला खालची माणसं भाजीच्या टोपल्यांसारखी वाटायची, वरून फक्त डोकी दिसणारी.

या खेपेचं नाटक बँकेवर होतं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात कोळशाची मोठी नवी खाण निघणार होती आणि तिला कर्ज देणार होती शहरातलीच एक जुनी बँक. ही बातमी डॉक्टरीणबाईंनी वाचली तेव्हा त्यांच्या दवाखान्याची सारी शिल्लक त्याच बँकेत पडून होती. "माझ्या पैशानं कुणी काय जाळायचं, हे मला कुणी विचारलंच नाही," असं त्या तालमीला येऊन म्हणाल्या, आणि तिथून नाटक सुरू झालं.

गोष्ट अगदी साधी. एक टोपीवाला बँकर. लोक त्याच्याकडे आपली साठवण घेऊन येतात. कुणी पावाच्या भट्टीतली कमाई आणतो, कुणी मुलीच्या शिक्षणासाठी जपलेली पुंजी. बँकर कमरेतून वाकून सगळ्यांचं घेतो आणि पाठीमागच्या धुराड्यात टाकतो. धुराडं एकेका घासागणिक वाढत जातं. त्याला सगळ्या नाटकात एकच शब्द आहे: "अजून." शेवटी लोक आपली साठवण मागायला येतात, तेव्हा धुराडं इतकं उंच झालेलं असतं की त्याला खालचं काही ऐकूच जात नाही.

धुराडं अर्थातच शिडी. तोंडाला काजळ, अंगावर गळ्यापासून जमिनीपर्यंत काळं कापड. आधी ती कट्ट्यावर लांब पाय पसरून बसायची, मग उठायची, मग कापडाच्या वरच्या काठात आतून शिवलेलं वेताचं कडं हातांनी डोक्यावर उचलायची, म्हणजे कापडही तिच्याबरोबर वर जायचं.

अडचण एवढीच होती की त्या बँकेत तिची ताई नोकरीला होती.

आई गेल्यावर ताईनेच घर सांभाळलं होतं. ती शिडीपेक्षा बरीच मोठी. बाबांचा जन्म गेला कोळशाच्या वीजघरात. बॉयलरपाशी उभं राहून त्यांनी दोघी पोरींना शिकवलं. त्या वसाहतीत खिडकीच्या कठड्यावर रोज राखेचा थर बसायचा आणि लहानपणी दोघी त्यात बोटांनी चित्रं काढायच्या. पुढे ताई परीक्षा देऊन बँकेत लागली आणि तिघं या शहरात आली. ती घरकर्जाच्या विभागात आहे, एवढंच शिडीला ठाऊक होतं. बँकेतलं बँकेत ठेवायचं, हा ताईचा शिरस्ता. घरी आली की ती चपलांबरोबर ऑफिसही दाराशी काढून ठेवायची.

शिडीने हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी सरळ सांगितलं की तू या खेपेला बाजूला राहिलीस तरी कुणी काही म्हणणार नाही. शिडीने दोन दिवस विचार केला आणि मी करते म्हणाली. ताई तर लोकांना घरं बांधायला मदत करते, तिचा खाणीशी काय संबंध, अशी तिने स्वतःची समजूत घातली. घरी तिने नवं नाटक धुराबद्दल आहे, इतकंच सांगितलं. ते कुठे होणार, हे सांगितलं नाही.

त्या दिवसांत सकाळी नदीवरून धुकं चढायचं आणि दुकानं उघडेपर्यंत रस्त्यांमध्ये साचून राहायचं. बँकेची इमारत जुनी, दगडी, चढावरच्या कोपऱ्यावर. पहिल्या दिवशी मंडळींनी मोठ्या दाराशीच ढोल लावला. रखवालदार लगबगीने आला. माणूस मऊ होता. मिशीत हसत त्याने सांगितलं की इथे खेळ करू देता येणार नाही, माझी नोकरी जाईल. पण बाजूच्या चढावरच्या गल्लीत बँकेची हद्द संपते, तिथे तुम्ही काय वाटेल ते करा. वर तोच पुढे होऊन जागा दाखवायला आला.

गल्ली चढाची होती, त्यामुळे खालच्या बाजूने बऱ्याच उंचावर दिसणाऱ्या पहिल्या मजल्याच्या खिडक्या इथे खूपच खाली आल्या होत्या. भिंतीलगत दगडी कट्टा होता. धुराड्याला बसायला मुद्दाम बांधावा तसा.

खेळ सुरू झाला. धुक्यात माणसं डोक्यापर्यंत बुडालेली होती. कामावर निघालेले लोक थांबले, काहीजण पावाला तोंड लावत उभे राहिले. बँकरने पहिला घास टाकला. शिडी "अजून" म्हणाली. दुसरा घास पडला. ती कट्ट्यावरून उठली आणि धुक्याच्या वर आली.

वर वेगळंच जग होतं. खालचा रस्ता नव्हताच. पांढऱ्या सायीसारखं धुकं पसरलं होतं. त्यातून ढोलाचा आवाज यायचा, पण ढोल दिसायचा नाही. दूरवर दिव्यांच्या खांबांची टोकं तेवढी वर आली होती. सगळ्या शहरात आपण एकट्याच जाग्या आहोत, असं तिला वाटलं. मग तिने मान वळवली. हातभर अंतरावर खिडकी होती. आत दिवा लागला होता, लांब टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या, आणि टेबलाच्या टोकाशी कागद लावत उभी होती तिची ताई.

ताईनेही मान वर केली. काजळ फासलेलं तोंड तिने ओळखलं की नाही, हे शिडीला पहिल्यांदा कळेना. मग ताईचा हात सवयीने आपल्या कपाळाशी गेला. शिडी लहानपणी तोंड माखून घरी यायची तेव्हा तो असाच जायचा. खालून पोस्टमनने दोनदा थाप दिली, कारण धुराडं आपला शब्द विसरलं होतं. शिडीने ताईकडे बघतच म्हटलं, "अजून."

संध्याकाळी घरात ताई इस्त्री करत होती. बाबा आरामखुर्चीत रेडिओ हळू करून बसले होते. इस्त्री सदऱ्याच्या बाहीवरून पुन्हापुन्हा फिरत होती, बाही कधीच सरळ झाली होती. शेवटी ताईनेच सांगितलं. वर्ष झालं, तिला घरकर्जातून काढून मोठ्या कर्जांच्या विभागात घेतलंय. बढती होती. घरी पेढे वाटण्यासारखी गोष्ट होती खरं तर, पण तिने ती सांगितली नाही, कारण पहिलंच काम जे हाती आलं ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

"ती खाण माझ्याकडेच आहे," ताई म्हणाली.

बाबांनी रेडिओ बंद केला. त्यांचं म्हणणं त्यांनी शांतपणे मांडलं. त्या खोऱ्यातल्या पोरांना कामं लागतील. आपल्याला लागलंच की. कोळशाला नावं ठेवायची तर आधी या ताटातला घास खाली ठेवायला हवा. त्यांचा सूर भांडणाचा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. शिडीने ताईला विचारलं, "आणि तुला काय वाटतं?"

"माझं मत कुणी मागितलेलं नाही. मी नुसतं मांडते. ठरवतात ते वरचे."

"पण वाटतं काय?"

ताईने इस्त्री उभी करून ठेवली आणि वायर गुंडाळायला घेतली. ती उत्तर देईल असं शिडीला वाटलं, पण ती सदरे कपाटात ठेवायला आत गेली ती बाहेर आलीच नाही.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. अबोला नव्हता. मीठ दे, टॉवेल कुठाय, हे सगळं चालू होतं. पण दोघी एकमेकींपाशी जपून वावरत होत्या, काठोकाठ भरलेलं भांडं हातात असल्यासारख्या. शिडीने डॉक्टरीणबाईंना सारं सांगितलं. खेळ थांबवू का, असं त्यांनी विचारलं. शिडी नको म्हणाली.

मंडळी आता एका आड एक सकाळी त्याच गल्लीत येऊ लागली. बघणारे वाढले. रखवालदार हद्दीच्या अलीकडे हाताची घडी घालून पूर्ण खेळ बघायचा, आणि बँकरचं काम करणारा मुलगा वाकला की तोही गालातल्या गालात हसायचा. एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एका आजीबाई मध्येच थांबल्या. धुराडं तिसऱ्यांदा "अजून" म्हणालं, तशी त्या वर बघून वैतागाने म्हणाल्या, "पुरे की गं बाई आता, किती खाशील." सगळी गल्ली हसली. डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य उचलून नाटकातच घालून टाकलं.

शिडी प्रत्येक खेळाला धुक्यातून वर यायची आणि दर वेळी खिडकीत बघायची. कधी खोली रिकामी असायची, खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून गप्पा मारत बसलेल्या. कधी कुणीतरी टेबल पुसत असायचं. ताई तिथे असली तर दोघींची नजर भेटायची, क्षणभरच. त्या क्षणात शिडीला स्वप्नातल्यासारखं व्हायचं. आपण पाण्याबाहेर आहोत आणि ताई काचेच्या पेटीत पोहतेय, किंवा उलट, ताईच बाहेर आहे आणि आपण आत. घरी जे बोलता येत नव्हतं ते इथे त्या दोघींच्या मध्ये, काचेवर, वाफेसारखं धरायचं आणि विरून जायचं.

एका सकाळी घरातून निघताना ताईने आरशासमोर जरा जास्त वेळ घेतला. चहा पितानाच तिने सांगितलं की आज बैठक आहे, आज ठरेल. शिडीने विचारलं, आम्ही येऊ नये असं म्हणतेस का. ताई म्हणाली, "मी तसं काहीच म्हटलेलं नाही," आणि पर्स उचलून गेली.

त्या दिवशी धुकं असं होतं की पोस्टमनला स्वतःचा ढोल दिसत नव्हता. गल्लीतले दगड ओले होते. डॉक्टरीणबाईंनी जमिनीवर पाय घासून बघितला आणि आज लांब पाय नकोत, कट्ट्यावर उभी राहून कर, असं सुचवलं. शिडीने ऐकलं नाही. खिडकीपर्यंत पोचायचं तर लांब पाय हवेतच.

पहिला घास, दुसरा घास. ती उठली आणि धुक्यातून डोकं वर काढलं. खिडकीच्या आत टेबल भरलेलं होतं. चांगल्या कपड्यांतली वयस्कर माणसं, समोर पाण्याचे ग्लास. ताई भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यापाशी उभी राहून काहीतरी दाखवत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कुणी खिडकीकडे बघत नव्हतं. शिडीने हातांतलं कडं वर उचलायला एक पाऊल मागे टाकलं, आणि कापडाची कड काठीखाली आली.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला त्या वेळी कळलं. उताराने काठी निसटली, गुडघा आतल्या बाजूला वळला, आणि एक कळ थेट मांडीपर्यंत गेली. तिने हातातलं कडं टाकून समोर जे होतं ते धरलं. खिडकीचा दगडी कठडा. बोटं ओल्या दगडावर घसरू लागली. कपाळ काचेवर आपटलं. खाली ढोल वाजतच होता. बघणाऱ्यांना वाटलं, धुराडं आता बँकेलाच खायला निघालं. काहींनी टाळ्या वाजवल्या.

काचेच्या पलीकडे ताईने वाक्य अर्धं सोडलं. ती खुर्च्यांच्या मागून धावत आली, खिडकीची कडी काढली आणि दोन्ही झडपा आत ओढल्या. तिने शिडीची मनगटं धरली. ताईच्या हातांत इतकी ताकद असेल, हे शिडीला ठाऊक नव्हतं.

"पाय कुठला गेला?"

"डावा. टेकवता येत नाही."

"मग नको टेकवू. मी आहे."

उघड्या खिडकीतून धुकं आत आलं. ते टेबलावर पसरलं, ग्लासांच्या भोवती फिरलं, माणसांच्या खांद्यांवर बसलं. पडद्यावरची चित्रं पुसट झाली. आतल्या कुणीतरी ताईच्या नावाने हाक मारून खिडकी लावायला सांगितली. थंडी येतेय, म्हणाले. ताईने मागे न बघता सांगितलं की खिडकी लावता येणार नाही, ही माझी बहीण आहे.

खाली नाटक आपल्या वाटेने शेवटाकडे चाललं होतं. बँकर धुराड्याच्या मागे दडला, आणि लोक एकेक करून आपली साठवण मागायला आले. पाववाल्याचा आवाज वर आला, मग मुलीच्या आईचा. धुक्यामुळे बोलणारे दिसत नव्हते, नुसते आवाज खिडकीतून आत जात होते, आणि प्रत्येक आवाज एवढंच विचारत होता की मी ठेवायला दिलं होतं, तुम्ही त्याचं काय केलंत? टेबलाभोवतीची माणसं उठून जाऊ शकत नव्हती, कारण दारावर कुणी अडवलं नव्हतं तरी एक बाई दुसरीला धरून खिडकीत उभी असताना उठून जाणं बरं दिसलं नसतं. ती माणसं ऐकत बसली.

काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी कळलं ते रखवालदाराला. तो हद्द ओलांडून गल्लीत आला आणि त्याने दोन्ही लाकडी पाय छातीशी कवटाळून धरले, पूर आलेल्या नदीत झाड धरावं तसे. मग डॉक्टरीणबाई शिडी आणा म्हणून ओरडल्या, आणि पोस्टमन म्हणाला, शिडीच तर अडकलीये. मग त्याच्याही लक्षात आलं आणि तो खरीखुरी शिडी आणायला धावला. पट्ट्यांच्या गाठी ओल्या होऊन आवळल्या होत्या. त्या सुटायला वेळ लागणार होता.

तोवर दोघी बहिणी तोंडासमोर तोंड करून होत्या. शिडीचं काजळ घामाने गालांवर उतरलं होतं आणि ताईच्या बाह्या काळ्या झाल्या होत्या. ताई तिच्या डोळ्यांत बघत होती, पण एकाएकी ती जे बोलायला लागली ते मागच्या माणसांसाठी होतं.

"हे कर्ज देऊ नये, असं माझं मत आहे," ती म्हणाली. "ते मी मघाशी सांगितलं नाही. आता सांगते."

तिचा आवाज चढला नाही. पाठ टेबलाकडे ठेवून, एकेक वाक्य नीट उच्चारून ती सांगत गेली. खाणीतून कित्येक वर्षं पैसा येत राहील, असं धरून सगळी मांडणी केलीय, पण तितकी वर्षं हा कोळसा कुणी विकत घेणार नाही. खोऱ्यातलं तळं आटेल आणि त्या पाण्यावर जगणारी माणसं उठून जातील. तिथल्या पोरांना कामं लागतील हे खरं आहे, ते तिने टाळलं नाही. पण ती कामं संपल्यावर तिथे माघारी यायला काही उरणार नाही. आणि हे खाली जे लोक विचारतायत ना, त्यांनी आपल्याकडे विश्वासाने ठेवलंय, त्यांना उत्तर द्यायला मला आवडेल. एवढं बोलून ती थांबली. शिडीला आपल्या मनगटावर ताईची नाडी लागत होती, जोरात, पळून आल्यासारखी.

मग गाठी सुटल्या, लाकडी पाय निघाले, आणि शिडी खालच्या हातांमध्ये उतरली. ताईने अगदी शेवटपर्यंत तिची बोटं सोडली नाहीत. धुक्यात शिडीचं डोकं बुडालं तेव्हा वरून फक्त झडपा लागल्याचा आवाज आला.

गुडघ्यातला एक बंध ताणला होता. डॉक्टरांनी महिनाभर पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी ताई घरी आली, चपला काढल्या, हात धुतले, आणि शिडीच्या पायाखाली उशी नीट केली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. कोळशावरचं आपलं मत त्यांनी बदललं नाही, पण ते ताईला म्हणाले की सगळ्यांदेखत, न विचारता, एवढं बोललीस, मला बॉयलरपाशी उभ्या जन्मात जमलं नसतं. ताई हसली नाही, पण तिने त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

बँकेने पुढे ते कर्ज नाकारलं. कारण म्हणून बाजाराची परिस्थिती सांगितली. नाटकाचा किंवा ताईचा उल्लेख कुठेच आला नाही. खाण काही रद्द झाली नाही. खाणवाले दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या बँकेकडे गेले, काम लांबणीवर पडलं, खोऱ्यातल्या लोकांना तेवढीच उसंत मिळाली. डॉक्टरीणबाईंनी त्या दुसऱ्या बँकेच्या रस्त्याची पाहणी करून ठेवली. तिथे गल्ली सपाट आहे, हे त्यांनी शिडीला मुद्दाम फोन करून कळवलं.

ताईला कुणी रागावलं नाही. तिची फक्त बदली झाली, समुद्राकाठच्या एका छोट्या शाखेत, जिथे दोन खोल्या, एक काउंटर आणि दारात झोपलेलं मांजर होतं. बढती गेली ती गेलीच. ताई सामान बांधायला बसली. सदऱ्यांच्या घड्या तिने बाबांकडून करून घेतल्या आणि त्या चुकल्या तरी तशाच पेटीत ठेवल्या.

गुडघा बरा झाल्यावर शिडी आणि बाबा तिला भेटायला गेले. ओहोटीची वेळ होती. बाबा वाळूवर खुर्ची टाकून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसले आणि बसल्या बसल्या झोपी गेले. दोघी बहिणी पाण्यात चालत गेल्या. पाणी लांबवर घोट्याएवढंच होतं आणि आकाश त्यात उतरलं होतं, त्यामुळे आपण नेमक्या कशावर चालतोय हे कळत नव्हतं. शिडी जरा लंगडत होती. ताईने तिचा दंड धरला होता. किनारा मागे बारीक झाला, बाबांची खुर्ची ठिपक्याएवढी उरली.

बराच वेळ चालल्यावर ताई म्हणाली, "शिडे, एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. त्या दिवशी मी तुझ्यासाठी नाही बोलले. मला ते कधीपासून तसंच वाटत होतं."

"ठाऊक आहे मला," शिडी म्हणाली.

"कसं?"

"तू माझ्याकडे बघत होतीस, पण माझ्याशी बोलत नव्हतीस."

ताईने यावर थोडा विचार केला. मग तिने ते मान्य केल्यासारखी मान हलवली आणि दोघी आणखी पुढे चालत राहिल्या, पाणी गार लागेपर्यंत.